आईच्या पासबुकातील तीन नोंदी आणि ग्राहकाला मिळणारे सरकारी संरक्षण

वाळवंटीकाठ:
गेल्या चवथीपासून (गणेश चतुर्थीपासून) मनात घोळत असलेला विषय आज सविस्तर मांडत आहे. बँक, विमा आणि कर्जाच्या व्यवहारांत सामान्य माणसाला सरकारने जे संरक्षण दिले आहे, त्याचे मोल मला आईच्या पासबुकातील तीन ओळींमुळे कळले. म्हणून आधी त्या ओळींविषयी लिहिते.

आई गोव्यात, डिचोली तालुक्यात एकटी राहते. वडिलांच्या पश्चात तिला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन गावाजवळच्या एका शाखेत जमा होते. २०२५ ची चवथ बुधवारी, २७ ऑगस्टला होती. आदल्या संध्याकाळी घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, बांधण्याचे काम चालू होते. सुपारीचे घड, तोरिंगे, आंबाडे ओसरीवर पसरलेले होते आणि आईचा फोन कपाटावर पडून होता. त्या फोनवर एकामागून एक तीन संदेश आले. ते इंग्रजीत असल्यामुळे, नंतर पाहूनही, आईला ते जाहिरातीचेच वाटले. सोमवारी, १ सप्टेंबरला, ती पासबुक छापून घ्यायला गेली, तेव्हा त्यात १०,०००, १०,००० आणि ९,५०० रुपये काढल्याच्या तीन नोंदी निघाल्या. खाली शिल्लक होती ४१२ रुपये.

पैसे आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा वापरून, दुसऱ्या राज्यातील एका सेवा केंद्रातून काढले गेले होते. आईने या पद्धतीने आयुष्यात एकदाही पैसे काढलेले नाहीत. तिचा ठसा कोठून गेला, ते आम्हाला आजतागायत कळलेले नाही.

तिने मला फोन केला आणि मी कामावरून रजा टाकून दुपारी शाखेत पोहोचले. आई काउंटरसमोर हात जोडून उभी होती. अधिकारी तिला सांगत होते की तुम्ही कोणाला तरी ओटीपी दिला असणार, शिवाय सहा दिवस उलटून गेले आहेत, आता काही होणे कठीण आहे. बोटाच्या ठशाने होणाऱ्या या व्यवहाराला ओटीपी लागतच नाही, हे त्यांना सांगायला मला स्वतःलाच आधी माहीत नव्हते. बाकावर बसून मोबाइलवर शोधले, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक सापडले.

त्यातील तरतूद अशी आहे. ग्राहकाची चूक नसताना आणि बँकेचीही थेट चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने ते तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा असेल, तर कळवले नाही तरी ती शून्यच असते. हे दिवस ग्राहकाच्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजायचे असतात आणि संदेश आला तो दिवस त्यात धरायचा नसतो. मी बोटांवर मोजले. मंगळवार धरायचा नाही. बुधवार व गुरुवार गोव्यात चवथीची सुट्टी. शुक्रवार पहिला, महिन्यातला पाचवा असल्यामुळे शनिवार कामाचा म्हणून दुसरा, रविवार सुट्टी आणि सोमवार तिसरा. ज्याला ते सहा दिवस म्हणत होते, तो नियमाप्रमाणे तिसरा दिवस होता आणि शाखा बंद व्हायला दीड तास उरला होता.

अर्ज तिथेच, आईच्या पर्समधल्या वहीचे पान फाडून लिहिला. पोच द्यायला टाळाटाळ झाली, पण परिपत्रकाची तारीख अर्जातच लिहिलेली पाहिल्यावर निळा गोल शिक्का उमटला आणि त्यावर तारखेसह सही मिळाली.

पुढचा प्रवास सरळ झाला नाही. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत तात्पुरती रक्कम खात्यात जमा करायची असते, ती झाली नाही. महिना भरण्याआधीच बँकेचे पत्र आले की आधारची पडताळणी यशस्वी झालेली असल्याने व्यवहार तुमचाच समजण्यात येत आहे. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार केली. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाली. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत तक्रार करताच येत नाही. मी आईची प्रतिनिधी म्हणून ती दाखल केली. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो, हे त्याच परिपत्रकातील वाक्य तक्रारीत उतरवले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात २९,५०० रुपये आईच्या खात्यात परत आले आणि तेही २६ ऑगस्टपासूनच्या व्याजासह.

मला जे म्हणायचे आहे ते या सिद्धतेच्या भाराविषयी. आपला ठसा आपण दिला नाही, हे आईने कसे सिद्ध करायचे होते? नोंदी, यंत्रे, तज्ज्ञ सारे बँकेकडे असते आणि आपल्याकडे असते एक पासबुक. ही विषमता कोणतीही बँक आपणहून, खाते उघडण्याच्या फॉर्ममध्ये, ग्राहकाच्या बाजूने झुकवणार नाही. ते काम नियमानेच होऊ शकते आणि नियम करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्यानेच ते करावे लागते. दुपारी हात जोडून उभी असलेली आई शिक्का मिळाल्यावर खुर्चीवर बसून बोलली. तिचा विजय झालेला नव्हता, पैसेही मिळालेले नव्हते; पण ती आता कोणाची मेहेरबानी मागत नव्हती.

आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील. हे संरक्षण पुरेसे आहे का, आणि नसेल तर कोठे अपुरे आहे, यावर विशेष लिहावे.

निवृत्त रोखपाल:
वाळवंटीकाठताई, मी बत्तीस वर्षे काउंटरच्या पलीकडे बसलो आहे. तुमच्या आईंना जे ऐकावे लागले, त्याचे मला वाईट वाटते. शाखेतील माणूस बहुतेक वेळा दुष्टपणाने नव्हे, तर भीतीने असे बोलतो. अर्ज घेतला की त्याचे उत्तर द्यायचे असते, आणि तीन माणसांचे काम एकाकडे असलेल्या शाखेत तो कागद कोणालाच आपल्या टेबलावर नको असतो.

तरीही माझे मत तुमच्यासारखेच आहे. २०१७ पूर्वी अशी प्रकरणे आली की आम्ही ती वरच्या कार्यालयाकडे पाठवत असू आणि ग्राहक महिनोन्‌महिने खेटे घालत असे. परिपत्रकानंतर मुदती आल्या. एकूण निकाल नव्वद दिवसांत लावायचा असतो. तक्रार चार ते सात कामाच्या दिवसांत आली, तर ग्राहकाचे नुकसान साध्या बचत खात्यासाठी १०,००० रुपयांपर्यंतच राहते, मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० पर्यंत. सात दिवसांनंतर मात्र बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते, म्हणजे पुन्हा बँकेच्या मर्जीचा भाग येतो. म्हणून पोचेचा शिक्का हाच सर्वांत मोठा दस्तऐवज. शाखेने तो दिला नाही, तर त्याच दिवशी बँकेच्या तक्रार ईमेलवर पाठवावे आणि पाठवल्याची वेळ जपून ठेवावी.

अंत्रुज:
धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. फोंडा परिसरात आमचे घर आहे. माझे सासरे सरकारी खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा मिळालेल्या रकमेतला मोठा भाग त्यांनी एका पतसंस्थेत ठेवला. बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त होते आणि संस्थेचे अध्यक्ष त्यांच्या ओळखीचे होते. पावतीवर सुंदर छपाई, दारावर पाटी, आत संगणक. सासऱ्यांना आणि मलाही ती बँकच वाटत होती. आज तिथून मुद्दल निघत नाही. महिन्याला दोन हजार रुपये हातात ठेवतात, तेही प्रत्येक महिन्याला नाही.

ठेव विम्याविषयी आम्हाला नंतर समजले. ठेव विमा महामंडळ १ जानेवारी १९६२ पासून आहे. सुरुवातीला १,५०० रुपयांपर्यंतची ठेव सुरक्षित होती, १९९३ पासून १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल व व्याज मिळून ५ लाख. पण हे बँकांपुरते आहे. त्यात सहकारी बँका येतात, पतसंस्था येत नाहीत. पतसंस्थांवर सहकार निबंधकांची देखरेख असते, रिझर्व्ह बँकेची नव्हे. हा एवढा मोठा फरक पावतीवर मोठ्या अक्षरांत छापलेला असता, तर सासऱ्यांनी दीड टक्क्यासाठी जन्माची कमाई तिथे ठेवली नसती. ते आता जेवताना या विषयावर बोलत नाहीत. बोलले तरी 'चूक माझीच' एवढेच म्हणतात, आणि ते ऐकवत नाही.

वाळवंटीकाठ:
अंत्रुज, चूक त्यांची नाही, हे त्यांना माझ्याकडून नक्की सांगा. एक मार्ग सुचवते. सहकार कायद्याखालील मार्ग उपलब्ध असला, तरी त्यामुळे ग्राहक मंचाचे (आताच्या ग्राहक आयोगाचे) दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये एका सहकारी पतसंस्थेच्याच प्रकरणात सांगितले आहे. उत्तर गोव्यासाठी पर्वरीला आणि दक्षिण गोव्यासाठी मडगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. आदेश मिळाला तरी वसुलीला वेळ लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी मूळ पावत्या, पासबुक आणि संस्थेला दिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत एकत्र करून एकदा जाऊन या.

झुआरीपार:
थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. सरकार सगळे भरून देणार असे वाटू लागले, तर माणूस स्वतः चौकशी करणे सोडून देईल. ठेव विमा आहे म्हणून बुडत्या बँकेतही लोक जादा व्याजासाठी पैसे ठेवतील. शिवाय विम्याचा हप्ता आणि तक्रार यंत्रणेचा खर्च शेवटी आपल्याच व्याजातून आणि आपल्याच शुल्कातून वसूल होतो. जो सावध राहतो त्याने बेसावधाचा भार का उचलावा?

निवृत्त रोखपाल:
झुआरीपार, प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोव्याच्याच अनुभवातून उत्तर देतो. म्हापसा अर्बन बँकेवर २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे, पैसे काढण्यावर मर्यादा घालणारे निर्बंध आले आणि तिचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला. मडगाव अर्बनवर २०१९ मध्ये निर्बंध आले, परवाना जुलै २०२१ मध्ये रद्द झाला. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले होते की मडगाव अर्बनच्या ९९ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण ठेव विम्यातून मिळेल. आता सांगा, म्हापशाच्या बाजारात पालेभाजी विकून आठवड्याला शंभर रुपये जमा करणाऱ्या बाईने बँकेचा ताळेबंद वाचून तिची बुडीत कर्जे ओळखायची होती का? बँकेचे लेखापरीक्षण करणाऱ्यांना जे वेळेवर रोखता येत नाही, ते तिने ओळखावे अशी अपेक्षा ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. हप्ता बँक भरते आणि आपल्या वाट्याला त्यातले आले तर काही पैसे येत असतील. ते द्यायला माझी तयारी आहे.

त्या काळातला खरा दोष वेगळा होता. परवाना रद्द होऊन अवसायक (बँकेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी) नेमला जाईपर्यंत विम्याचा एक रुपयाही मिळत नसे, म्हणून निर्बंधांच्या काळात माणसे स्वतःच्याच पैशासाठी वर्षानुवर्षे ताटकळत असत. मुलीचे लग्न, शस्त्रक्रिया, घराचे छप्पर, सगळे पैसे काढण्याच्या त्या मर्यादेत अडकलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ५ लाखांपर्यंतची रक्कम देण्याची तरतूद केली. ही दुरुस्ती पाच-सहा वर्षे आधी व्हायला हवी होती.

वाळवंटीकाठ:
बेसावधपणाच्या मुद्द्यावर एवढेच जोडते की नियम बेसावधाला सरसकट भरपाई देत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच असते. कळवल्यानंतर काही गेले तर ते बँकेचे. माझ्या मते हा समतोल योग्य आहे, पण सिद्धतेचा भार बँकेवर असल्याची जाणीव शाखांमध्ये अजून झिरपलेली नाही.

तारवटी:
मी जहाजावर असतो, म्हणून उशिरा वाचले. आमच्यासारख्यांच्या घरी परदेशातून पैसा येतो, हे प्रत्येक विक्री प्रतिनिधीला ठाऊक असते. मी समुद्रावर असताना माझ्या पत्नीला एका बँकेच्या काउंटरवर 'मुदत ठेवीसारखेच आहे, पण व्याज जास्त' असे सांगून विमा योजना विकण्यात आली. दरवर्षी २ लाख रुपये भरायचे, तेही दहा वर्षे, हे पॉलिसीचे कागद घरी आल्यावर कळले. सुदैवाने तिने त्याच रात्री कागदांचे फोटो मला पाठवले. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते (ही मुदत पूर्वी १५ दिवस होती). आम्ही विसाव्या दिवशी परत केली आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळाले. ते दिवस टळले असते, तर विमा लोकपालाकडे जावे लागले असते.

अमेरिकेच्या बंदरात जाणे होते, त्यामुळे तिथली एक गोष्ट सांगतो. २००८ च्या आर्थिक संकटानंतर २०१० मध्ये तिथे कायदा झाला आणि २१ जुलै २०११ पासून कर्ज, कार्ड, गृहकर्ज या सगळ्यांसाठी ग्राहक आर्थिक संरक्षणाची एकच स्वतंत्र यंत्रणा सुरू झाली. ती कल्पना एलिझाबेथ वॉरन यांनी प्राध्यापक असताना २००७ मध्ये मांडली होती. आपल्याकडे बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, विम्यासाठी वेगळा लोकपाल, शेअर व म्युच्युअल फंडासाठी सेबी, पतसंस्थेसाठी निबंधक असे तुकडे आहेत. माझ्या पत्नीला बँकेच्या इमारतीत, बँकेच्या माणसाने विमा विकला. तिने कोणाकडे जायचे? न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय कायदे सुधारणा आयोगाने २०१३ मध्ये सर्व वित्तीय तक्रारींसाठी एकच निवारण संस्था असावी, अशी शिफारस केली होती. ती अजून प्रत्यक्षात आलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

निवृत्त रोखपाल:
एक खिडकी असावी, हे मलाही पटते. पण त्याच अमेरिकेत २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या सरकारने त्या यंत्रणेचे बहुतेक काम थांबवण्याचे आदेश दिले होते, हेही ध्यानात ठेवावे. सगळे एका छताखाली आणले की ते छत काढणेही सोपे होते. आपल्याकडे निदान तक्रार स्वीकारण्याची जागा एक असावी आणि ती तिथून योग्य ठिकाणी पाठवली जावी, एवढ्यावर मी समाधान मानेन.

मळेवाट:
अवांतर वाटेल, पण गोव्याच्या धाग्यात हे यायला हवे. माझ्या पणजीने सोन्याच्या पाटल्या पोर्तुगीज काळात बँको नासिओनाल उल्त्रामारिनोमध्ये गहाण ठेवल्या होत्या. १९६१ मध्ये मुक्तीच्या तोंडावर त्या बँकेने गोमंतकीयांचे गहाण सोने पोर्तुगालला नेले. ते परत यायला १९९१ उजाडले आणि तेही दोन देशांच्या सरकारांमध्ये बोलणी झाल्यावर. पणजी तोवर गेली होती. तिच्याकडची पावती आजीने पत्र्याच्या पेटीत तीस वर्षे जपली. त्या काळी एकट्या पणजीने कोणाकडे दाद मागितली असती? म्हणून आज कुणी म्हणते की यात सरकारचे काय काम, तेव्हा मला ती पावती आठवते.

वाळवंटीकाठ:
मळेवाट, हे अवांतर मुळीच नाही.

वरील चर्चेवरून जाणवलेली एक उणीव लिहिते. नियम आहेत, पण ते आपल्या भाषेत आणि वेळेवर पोहोचत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जदारांच्या आणि छोट्या उद्योगांच्या नव्या कर्जांसाठी मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहायचा असतो आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. गेल्या महिन्यात चुलत भावाने दुचाकीसाठी कर्ज घेतले, तेव्हा त्याला ते इंग्रजीत मिळाले. त्याने मराठीत मागितल्यावर 'सिस्टीममध्ये नाही' असे उत्तर आले. आईला ते तीन संदेश मराठीत आले असते, तर तिने मंगळवारीच आरडाओरडा केला असता. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते, पण तो क्रमांक आमच्या शाखेच्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागे झाकलेला होता.

काणकोणहून:
सगळ्यांना नमस्कार. धागा आताच सापडला. आज सकाळी साडेदहाला वीज बिल थकले म्हणून फोन आला, मी लिंक उघडून यूपीआय पिन टाकला आणि १८,००० रुपये गेले. आता पावणेबारा झाले आहेत. माझीच चूक आहे, मग काही करता येईल का?

निवृत्त रोखपाल:
हो, पण हा धागा वाचत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवा. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे निघण्याआधी ते रोखता आले तर हाच मार्ग आहे. त्यानंतर बँकेला कळवून यूपीआय बंद करा आणि लेखी अर्जाची पोच घ्या.

वाळवंटीकाठ:
पिन स्वतः टाकल्यामुळे शून्य जबाबदारीचा नियम तुम्हाला लागू होणार नाही, हे स्पष्ट सांगते, म्हणजे शाखेत तेवढ्यावर वाद घालण्यात वेळ जाणार नाही. मात्र बँकेला कळवल्याच्या क्षणानंतर काही गेले तर ते तुमच्यावर नाही, म्हणून वेळ लिहून घ्या.

काणकोणहून:
१९३० वर नोंद झाली आणि पोच क्रमांक मोबाइलवर आला. बँकेने यूपीआय बंद केले. १८,००० पैकी ११,००० रुपये समोरच्या खात्यात रोखले गेल्याचे आता संध्याकाळी कळले. बाकीचे त्याआधीच काढले गेले होते. रोखलेले पैसे मिळवण्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागेल, असे सांगितले. उद्या सकाळी यजमानांसोबत जात आहे. शाखेतल्या बाईंनी अर्जावर शिक्का मारताना वेळही लिहिली, १२ वाजून २० मिनिटे.